सगळे कट बीटवर असूनही म्युझिक व्हिडिओ कंटाळवाणा का होतो?

तुमच्या प्रश्नात बऱ्याच गोष्टी एकत्र आल्यात, म्हणून आधी मला जे समजलं ते लिहितो. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मित्राच्याच गाण्याचा व्हिडिओ, गाणं 3 मिनिटं 50 सेकंदांचं, टेम्पो 100 बीपीएम (मिनिटाला 100 ठोके), शूट एका कॅमेऱ्यावर सेकंदाला 25 फ्रेमने आणि दोन फोनवर 30 फ्रेमने. टाइमलाइन, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये क्लिप मांडायची पट्टी, 25 ची. फुटेज ढीगभर आहे, एडिटही झालंय, जवळपास प्रत्येक दुसऱ्या ठोक्याला कट आहे, तरी पहिल्या मिनिटानंतर कुणाला बघवत नाही, सर म्हणाले पेसिंग (वेगातला चढउतार) नाहीये, आणि लिप सिंक (ओठ आणि गाणं जुळणं) सुरुवातीला बरोबर पण शेवटाकडे सुटत जातोय. सबमिशनला आठ दिवस. आणि तुम्ही विचारताय की कट अजून फास्ट करू का आणि ट्रान्झिशनचा पॅक आणून टाकू का.

दोन्ही नको. 100 बीपीएमला एक ठोका 0.6 सेकंदाचा, म्हणजे तुमच्या पूर्ण गाण्यात 383 च्या आसपास ठोके आहेत आणि दर दुसऱ्याला कट म्हणजे 190 कट, सरासरी शॉट 1.2 सेकंदाचा. हे आधीच पुरेसं फास्ट आहे. खरा प्रॉब्लेम असा आहे की हा वेग पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत तसाच आहे आणि मला खात्रीने वाटतं की तुमचे सगळे चांगले शॉट, सगळी लोकेशन्स, सगळे कपडे पहिल्या मिनिटातच दिसून गेलेत. त्यानंतर बघणाऱ्याला नवीन काही मिळत नाही, मग कट कितीही झपाझप येऊ देत. विद्यार्थ्यांची एडिट्स बघायला माझ्याकडे येतात त्यात ही गोष्ट सगळ्यात जास्त दिसते, आणि ती मेहनत कमी पडल्यामुळे होत नाही. उलट जे जीव लावून शूट करतात त्यांचंच होतं, कारण प्रत्येक शॉट दाखवायची घाई असते.

पण पेसिंगच्या आधी सिंक. सुटलेल्या सिंकवर पेसिंग कळतच नाही, डोळा सारखा ओठांवर अडकतो.

सिंक दोन प्रकारे बिघडतो. एक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच मागे किंवा पुढे, त्याला क्लिप थोडी सरकवली की झालं. दुसरा तुमचा, सुरुवातीला बरोबर आणि हळूहळू सुटत जाणारा, म्हणजे क्लिप आणि गाणं वेगवेगळ्या वेगाने पळतायत. फोनच्या फुटेजमध्ये पहिला संशय व्हेरिएबल फ्रेम रेटवर घ्यायचा. फोन 30 फ्रेम लिहितो पण प्रत्यक्षात उजेड आणि प्रोसेसरवरचा ताण बघून कधी 29, कधी 30 असं कमीजास्त करतो, आणि एडिटिंग सॉफ्टवेअरला नेहमी ते नीट समजतंच असं नाही. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल उघडा, फ्रेम रेट मोडपुढे व्हेरिएबल दिसलं तर हँडब्रेक नावाच्या फाइल कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट, म्हणजे न बदलणाऱ्या, फ्रेम रेटला काढून घ्या आणि टाइमलाइनवर त्या नव्या फाइल वापरा. हे आत्ताच करा, अर्धं एडिट झाल्यावर फाइल बदलणं म्हणजे सगळं पुन्हा जुळवत बसणं.

दुसरं कारण 30 आणि 29.97 चा गोंधळ. फरक फक्त 0.1 टक्क्याचा, पण 230 सेकंदांच्या गाण्यात तो शेवटी 0.23 सेकंद होतो, म्हणजे 25 च्या टाइमलाइनवर जवळजवळ सहा फ्रेम. कुणीतरी क्लिपच्या प्रॉपर्टीमध्ये जाऊन 29.97 ची क्लिप 30 म्हणून वाचायला लावली असेल तर नेमकं हेच होतं. आणि तिसरं कारण टेक्निकल नाहीच, ते विचारून घ्यायचं असतं: शूटला स्पीकरवर गाण्याचं कुठलं व्हर्जन वाजवलं होतं? कित्येकदा सेटवर रफ मिक्स वाजतो आणि नंतर गाणाऱ्याने टेम्पो किंचित बदललेला असतो किंवा म्युझिक पीसमध्ये दोन मात्रा कमी केलेल्या असतात. तसं असेल तर कुठल्याही सेटिंगने ते जुळणार नाही, टेक (एका दमात शूट केलेली क्लिप) प्रत्येक ओळीला कापून तुकड्यातुकड्याने बसवावा लागेल. होतं ते काम, चिकाटी लागते फक्त.

सॉफ्टवेअरचा ऑटो सिंक, म्हणजे क्लिपमधल्या आवाजाच्या वेव्हफॉर्मवरून (लाटांच्या आलेखावरून) जुळवणं, वापरा, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे 25 च्या टाइमलाइनवर एका फ्रेममध्ये पावणेचौदा मीटर. गाणारा स्पीकरजवळ आणि कॅमेरा लांब मैदानाच्या टोकाला असेल तर कॅमेऱ्याने गाणं एक-दोन फ्रेम उशिरा ऐकलेलं असतं, वेव्हफॉर्म तंतोतंत जुळतो आणि ओठ मात्र पुढे पळतात. म्हणून शेवटचा निकाल ओठांवर लावायचा. मी काय करतो सांगतो: ओळीत प, ब, भ, म यातलं अक्षर शोधतो, कारण ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय उच्चारताच येत नाहीत. ओठ पूर्ण मिटलेली फ्रेम शोधायची आणि गाण्यात तो प किंवा म कुठे आहे ते बघायचं, ओठ उघडताना आवाज फुटला पाहिजे. 'आ' किंवा 'ए' वर सिंक तपासत बसलात तर दोन फ्रेम इकडेतिकडे कळत नाहीत, 'म' वर लगेच पकडलं जातं. प्रत्येक टेकमध्ये सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा तीन ओळी तपासा, तिन्हीकडे जुळलं की तो टेक निश्चिंत वापरा.

वाद्यांचंही बघा. ड्रमची काठी आणि तबल्यावरची थाप ओठांपेक्षा जास्त चुगली करतात, तिथे एका फ्रेमचा फरकसुद्धा वाजवणाऱ्या माणसाला दिसतो. गिटारवाल्याचा हात चुकीच्या कॉर्डवर असेल तर बघणाऱ्यांतल्या गिटारवाल्यांना तेवढंच दिसेल, त्यामुळे मुखड्याचा शॉट अंतऱ्यावर चिकटवताना हात कुठे आहेत ते आधी बघा.

आता टाइमलाइन कशी मांडायची ते. तुमचं सध्याचं एडिट डुप्लिकेट करून बाजूला ठेवा आणि नवीन सिक्वेन्स उघडा. खाली गाण्याची वेव फाइल, एमपी3 नको. एमपी3 बनताना सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता घुसते आणि शेवटी वेव लावताना सगळंच किंचित सरकू शकतं, तो ताप नकोच. त्यावर परफॉर्मन्सचा प्रत्येक टेक वेगळ्या ट्रॅकवर, गाण्याला सिंक करून, पूर्ण लांबीचा. कापायचं नाही. वाइड, मिड, क्लोज, फोनचा हातातला, सगळे एकावर एक. ही इमारत एकदा उभी राहिली की गाण्याच्या कुठल्याही क्षणी थांबून बघता येतं की आत्ता माझ्याकडे काय काय आहे, आणि तुमचा हात एकाच आवडत्या टेककडे जात राहत नाही. मल्टिकॅम (सगळे कॅमेरे एकत्र बघत कट करायची सोय) येत असेल तर त्याच्यातच घ्या, प्रीमिअर आणि डाविंची रिझॉल्व्ह दोन्हीत आहे. लॅपटॉप अडखळत असेल तर आधी प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या कॉपी, बनवा. अडखळणाऱ्या प्लेबॅकवर लय ऐकूच येत नाही आणि मग माणूस फ्रेम मोजत कट करायला लागतो.

यानंतर लॅपटॉप बंद करा. खरंच. गाण्याचे शब्द कागदावर लिहा, हेडफोन लावा आणि फक्त ऐका. मुखडा कुठे, पहिला अंतरा कुठे सुरू, म्युझिक पीस किती लांब, दुसऱ्या अंतऱ्यात काय वेगळं वाजतंय, शेवटच्या मुखड्याला काय वाढलंय, प्रत्येकापुढे वेळ लिहा. मग गाणारा श्वास कुठे घेतो त्या जागांवर खूण करा. ढोल किंवा बेस कुठे आत येतो, कुठे गप्प होतो, तेही लिहा. हा कागद हाच तुमचा एडिटचा आराखडा, यातून पेसिंग येतं.

ठोका आणि पेसिंगचा घोळ मी मुलांना तीनतालावरून समजावतो. तीनताल 16 मात्रांचा, पण हाताने ताल धरणारा 16 टाळ्या वाजवत नाही, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, नवव्याला तर टाळी न वाजवता हात नुसता सोडतो, त्या रिकाम्या जागेला 'खाली' म्हणतात, आणि ती 'खाली' आहे म्हणूनच सम, म्हणजे पहिली मात्रा, आली की अंगावर येते. तुमच्या एडिटमध्ये सगळ्या टाळ्याच आहेत, 'खाली' कुठेच नाही. आठ ठोके म्हणजे तुमच्या गाण्यात 4.8 सेकंद, 16 ठोके म्हणजे 9.6 सेकंद. एखादी अख्खी ओळ, 16 ठोके, एकाच क्लोजअपवर न कापता ठेवून बघा. पहिल्यांदा भीती वाटेल. पण गाणाऱ्याने त्या ओळीत काही केलं असेल, नजर खाली गेली असेल, शेवटच्या शब्दाला हसू आलं असेल, तर ते नऊ सेकंद अख्ख्या व्हिडिओत सगळ्यात लक्षात राहतील, आणि त्याच्यानंतर येणारे चार झटपट कट खरोखर झटपट वाटतील.

कट नक्की कुठे करायचा याचे माझे काही ठोकताळे आहेत, नियम म्हणून घेऊ नका. नव्या चित्रावर नजर स्थिर व्हायला क्षणभर लागतो, म्हणून बरोबर ठोक्यावर केलेला कट पुष्कळदा उशिरा आल्यासारखा वाटतो, मी एक-दोन फ्रेम आधी करतो. तुमच्या टाइमलाइनवर एक ठोका बरोबर 15 फ्रेमचा बसतोय, हे सोयीचं आहे, मार्कर टाकले की सगळे फ्रेमवर नीट पडतील (120 बीपीएम असता तर साडेबारा फ्रेम आले असते आणि मार्कर एकाआड एक चुकले असते). शब्दांवर कट करायचा असेल तर ओळ सुरू होण्याआधीचा श्वास बघा. गाणाऱ्याची छाती वर येते, हनुवटी किंचित उचलली जाते, तोंड अजून उघडलेलं नसतं, तिथे क्लोजअपवर या. बघणारा त्या श्वासाबरोबर आत ओढला जातो आणि मग शब्द येतो. शब्द सुरू झाल्यावर आलात तर तोच शॉट नुसता कॅमेरा बदलल्यासारखा वाटतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठोक्यावर कटच पडला पाहिजे असं नाही, ठोक्यावर काहीतरी घडलं तरी चालतं, आणि ते जास्त चांगलं दिसतं. तुमच्या स्टोरीच्या भागात मुलगी खोलीचं दार लावून घेते असा शॉट आहे असं लिहिलंय. आत्ता तुम्ही काय केलं असेल, तर समेवर कट करून दाराचा शॉट सुरू केला असेल, मग हात फिरतो, दार फिरतं आणि चौकटीला लागतं ते कुठेतरी दोन ठोक्यांच्या मध्ये. आता तो शॉट तसाच उचलून मागे सरकवा, इतका की दार चौकटीला लागायची फ्रेम समेवर येईल, आणि कट जिथे पडेल तिथे पडू दे. दार समेवर बंद होतं, आवाज ड्रमचा असतो आणि वाटतं दाराचाच. पावलं, मान वळवणं, टेबलावर ठेवलेला ग्लास, गाडीचा दिवा लागणं, अशा सगळ्या शॉटमध्ये त्यांची एक ठोक्याची फ्रेम असते, ती शोधून क्लिपवरच मार्कर टाकून ठेवा. असे आठ-दहा शॉट जमले तरी व्हिडिओ गाण्याला घट्ट धरतो आणि मग बाकीचे कट कुठेही निवांत करता येतात.

वॉल्टर मर्च हे मोठे फिल्म एडिटर, त्यांनी कट चांगला की वाईट हे ठरवायला सहा निकष सांगितलेत आणि त्यांना टक्के दिलेत, भावनेला 51, गोष्टीला 23 आणि लयीला 10, बाकीचे उरलेल्यात. ते सिनेमाबद्दल बोलतायत, गाण्याच्या व्हिडिओत लयीचं वजन वाढतं हे मान्य, पण भावना वरच राहते असा माझा अनुभव आहे. दोन टेकपैकी एकात ठोका छान बसतोय आणि दुसऱ्यात चेहरा खरा आहे, तर चेहरा घ्या.

आता राखून ठेवण्याबद्दल, तुमचा खरा इलाज इथे आहे. तुमच्याकडे नवीन म्हणून जे जे आहे त्याची यादी करा: प्रत्येक लोकेशन, प्रत्येक ड्रेस, गाणाऱ्याचा एकदम जवळचा क्लोजअप, वरून घेतलेला शॉट, रात्रीचे शॉट, मित्रमंडळींचा दंगा, ती मुलगी पहिल्यांदा कॅमेऱ्याकडे बघते तो शॉट. मग मघाशी केलेल्या कागदावर प्रत्येक भागापुढे यातल्या एक-दोनच गोष्टी लिहा, आणि एकदा लिहिलेली गोष्ट त्याच्या आधी कुठेही दिसता कामा नये. पहिल्या मुखड्याला एक लोकेशन आणि वाइड, मिड एवढंच. पहिल्या अंतऱ्याला गोष्ट सुरू. दुसऱ्या मुखड्याला बँड पहिल्यांदा पूर्ण दिसतो. म्युझिक पीसला रात्र. दुसऱ्या अंतऱ्याला परत शांत, लांब शॉट, पहिल्यांदाच एकदम क्लोज. शेवटच्या मुखड्याला सगळं मोकळं सोडायचं, तिथे तुमचे फास्ट कट येऊ देत, तिथे ते शोभतात. हे उदाहरण आहे, तुमच्या गाण्यात दुसरा अंतराच सगळ्यात जोरकस असेल तर उलट होईल. पण प्रत्येक 30-40 सेकंदांनी बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे आत्तापर्यंत दिसलं नव्हतं.

मुखड्याचा विचार वेगळा करा. तेच शब्द तीनदा येतात, मग चित्रात काय बदलतं? मला आवडणारा मार्ग म्हणजे अंतर बदलणं, पहिल्यांदा लांबून, मग मध्यावरून, शेवटी चेहऱ्यावर. काही गाण्यांना उलटं शोभतं, सुरुवातीला चेहरा आणि शेवटी माणूस मोठ्या जागेत एकटा. कुठलं ते गाण्याच्या अर्थावर ठरवा, ते तुम्हालाच माहीत.

परफॉर्मन्स किती आणि गोष्ट किती, याचं एक उत्तर नाही. गाणारा कॅमेऱ्यासमोर खुलत असेल तर परफॉर्मन्सच जास्त ठेवा. तो अवघडलेला असेल, किंवा शूटला नुसते ओठ हलवले असतील, मोठ्याने गायलाच नसेल (गळ्याच्या शिरा आणि छाती बघा, लगेच कळतं), तर त्याचे वाइड, साइडचे, माइकने अर्धं तोंड झाकलेले, पाठमोरे शॉट वापरा आणि गोष्ट पुढे आणा. ठरवायचा मार्ग असा की आधी फक्त परफॉर्मन्सचं एक पूर्ण एडिट करा, स्टोरीचा एकही शॉट न घेता. ते बघताना जिथे कंटाळा येतो तिथे खूण करा, स्टोरी नेमकी तिथे घाला. स्टोरीचे शॉट एकेकटे पेरू नका, एक शॉट मुलगी, मग गाणारा, मग परत मुलगी, असं केलं की दोन्हीकडचा धागा तुटतो. तीन-चार शॉटचा सलग तुकडा द्या, त्यात काहीतरी एक घडू द्या. नंतर आवाज बंद करून पूर्ण व्हिडिओ अशा माणसाला दाखवा ज्याला गोष्ट माहीत नाही, आणि काय कळलं ते विचारा. त्याला समजावून सांगायचं नाही, फक्त ऐकून घ्यायचं.

टीममधल्यांचं एक सांगतो, कारण हे सगळीकडे होतं. प्रत्येकाला आपला शॉट हवा असतो, ज्याने पहाटे उठून सूर्योदय शूट केला त्याला तो सूर्योदय हवाच असतो. भावना खरी आहे, पण एडिटला बसताना ज्याने शूट केलेलं नाही अशा एकाला शेजारी बसवा. त्याला मेहनत दिसत नाही, पडद्यावर आहे तेवढंच दिसतं, आणि बघणाऱ्यांनाही तेवढंच दिसणार आहे.

फोनच्या 30 फ्रेमच्या क्लिप 25 च्या टाइमलाइनवर नुसत्या टाकल्या की सॉफ्टवेअर मधल्या मधल्या फ्रेम गाळतं, आणि कॅमेरा सरकत असेल किंवा कुणी चालत असेल तर बारीक झटके दिसतात. लिप सिंकच्या शॉटला याला पर्याय नाही, तिथे फोनचे शक्यतो स्थिर शॉट घ्या. पण ज्यात कुणी गात नाहीये असे सगळे शॉट 25 फ्रेम म्हणून वाचायला लावा, म्हणजे ते 83 टक्के वेगाने चालतील, प्रत्येक फ्रेम वापरली जाईल, झटके जातील आणि किंचित तरंगती चाल येईल जी गाण्यात फार छान दिसते. 25 ला शूट केलेला शॉट मात्र 50 टक्के स्लो करू नका, अर्ध्या फ्रेम अस्तित्वातच नाहीत, ऑप्टिकल फ्लोने (सॉफ्टवेअरने अंदाजाने) बनवल्या तर हाताची बोटं वितळल्यासारखी दिसतात. गाणारा स्लो मोशनमध्ये आणि ओठ तरी गाण्याबरोबर, असा शॉट हवा असेल तर तो शूटलाच करावा लागतो: गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, त्याने तसंच भराभर गायचं, कॅमेरा 50 फ्रेमला, आणि टाइमलाइनवर 25 ला आणायचं. तुमच्याकडे अर्धा दिवस पिकअप शूटला, म्हणजे राहिलेले शॉट घ्यायला, मिळत असेल तर एक मुखडा असा घेऊन बघा. त्याच अर्ध्या दिवसात हातांचे, पायांचे, वाद्यांच्या तारांचे, खिडकीचे क्लोजअपही घ्या, एडिटमध्ये अडलं की हेच सोडवतात.

ट्रान्झिशन पॅकबद्दल थोडक्यात. झूम, ग्लिच, लाइट लीक यांनी दोन शॉटमधला न जुळणारा भाग लपतो, पण तो लपवायची गरज का पडली हा प्रश्न तसाच राहतो. एखादी युक्ती गाण्यातल्या एका ठरलेल्या आवाजाला बांधा, समजा म्युझिक पीस सुरू होताना एक रिव्हर्स झांज आहे, तिथेच आणि फक्त तिथेच तो झूम. मग तो गाण्याचा भाग वाटतो.

कलरला फार दिवस घालवू नका, पण क्रम पाळा. आधी एकाच प्रसंगातले तिन्ही कॅमेऱ्यांचे शॉट एकमेकांशी जुळवा, पांढरं पांढरं दिसू दे, चेहऱ्याचा रंग सारखा येऊ दे, मगच वरून एखादा लूक. जुळवण्याआधी सगळ्यावर एकच लट (LUT, रंगांचा तयार फिल्टर) टाकली की फोनचे शॉट वेगळे आणि कॅमेऱ्याचे वेगळेच दिसत राहतात. फोनचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर शॉटच्या मध्येच रंग बदललेला सापडेल, तिथे कीफ्रेम लावा (म्हणजे त्या फ्रेमपासून सेटिंग बदला) किंवा त्याच्या आधीच कापा.

शब्द किंवा नावं देवनागरीत टाकणार असाल तर जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी तपासा. प्रीमिअरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्समध्ये टेक्स्ट इंजिन साउथ एशियनवर करा, नाहीतर अक्षरं फुटतात. श्रेयनामावलीत नाव फुटलेलं दिसलं की त्या माणसाला किती वाईट वाटतं.

आठ दिवसांचं असं बसवा. पहिला दिवस फाइल कन्व्हर्ट आणि सिंक, दुसरा कागदावरचं काम आणि शॉट निवडणं, तिसरा-चौथा परफॉर्मन्सचं एडिट, पाचवा स्टोरी घालणं आणि लागलंच तर पिकअप, सहावा लोकांना दाखवून दुरुस्त्या, त्या रात्री पिक्चर लॉक, म्हणजे यानंतर कट हलवायचा नाही. सातवा कलर आणि टायटल, आठवा एक्स्पोर्ट आणि तपासणी. काही राहिलंच तर कलरचा दिवस कमी करा, सिंकचा आणि कागदाचा करू नका.

एक्स्पोर्ट एच.264, 1080पी, 25 फ्रेम. यूट्यूब 1080पी साठी 8 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) सुचवतं, मी 16 ते 20 देतो, कारण अपलोडनंतर ते पुन्हा दाबलं जातंच. ऑडिओ एएसी 48 किलोहर्ट्झ, आणि गाण्याच्या मास्टरवर तुम्ही वेगळा लिमिटर किंवा व्हॉल्यूम लावू नका, मिक्स करणाऱ्याने जसं दिलंय तसं जाऊ दे. गाण्यात कुठून डाउनलोड केलेला लूप किंवा बीट वापरलाय का ते मित्राला विचारा, तसं असेल तर कंटेंट आयडीचा (यूट्यूबच्या कॉपीराइट ओळखणाऱ्या यंत्रणेचा) क्लेम येऊ शकतो, म्हणून सबमिशनच्या आदल्या दिवशीच प्रायव्हेट अपलोड करून बघा. तयार फाइल टाइमलाइनवर नव्हे, वेगळ्या प्लेअरमध्ये, एकदा फोनवर आणि एकदा मोठ्या स्क्रीनवर पूर्ण बघा, आणि शेवटच्या मुखड्यातला एखादा 'म' पकडून सिंक परत तपासा. टीव्हीवर किंवा ब्लूटूथ स्पीकरवर सिंक सुटलेला वाटला तर घाबरून फाइल बदलू नका, वायरचा हेडफोन लावून बघा, ब्लूटूथचा स्वतःचा उशीर असतो.

हे करताना दुसऱ्या अंतऱ्यात काय राखून ठेवायचं यावर अडलात तर तुमची शॉटची यादी आणि त्या अंतऱ्याचे शब्द लिहून टाका, बघून सांगतो.